पाणी आधी बाहेर शोधायला लावणाऱ्या गवंडीकाकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

काल रात्रभर पाऊस कोसळत होता. अडीचच्या सुमारास जाग आली आणि सवयीने मी बॅटरी घेऊन तळघरात उतरले. शेवटच्या पायरीवर थांबून आधी वास घेतला. तो कुबट वास नव्हता. डावीकडच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला तळहात टेकवला. भिंत गार होती, पण कोरडी होती. मग अनवाणी चारही कोपरे फिरून आले. पाय कोरडे. वर आले तर आनंदाने झोप लागेना, म्हणून उजाडेपर्यंत हे पत्र लिहीत बसले.

फोनवर आभार मानले तेव्हा ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बंद केलात. त्यात काय होतं ते मला चारचौघांत सांगायचं आहे. चार वर्षं मी जिथे उभी होते, तिथेच आज कितीतरी माणसं उभी असतील, ओल्या भिंतीसमोर, हातात रंगाचा ब्रश घेऊन.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. मी पुस्तकं बांधते. तळघर शांत असतं, ऊन येत नाही, म्हणून शिवणाची चौकट, दाबयंत्र, कागदाचे गठ्ठे सगळं तिथेच मांडलं होतं. पहिल्या पावसाळ्यात कपाटामागे तळहाताएवढा डाग दिसला. पुढच्या वर्षी भिंतीला लोणा, म्हणजे पांढरी भुकटी, धरला. मी तो ओल्या फडक्याने पुसायचे आणि आठवड्याभरात तो दुप्पट होऊन परत यायचा. मग रंग दिला. पोपडे सुटले. एका माणसाने ‘हा खास ओलीवरचा रंग आहे’ म्हणून दोन हात मारून दिले. महिनाभर भिंत सुंदर दिसली, आणि एका सकाळी तिच्यावर लिंबाएवढा फुगा आला. बोटाने दाबला तर फुटला, आणि पाण्याची बारीक धार मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. ते पाणी रंगाच्या मागे साठून बसलं होतं.

ओलीने माझ्या कामाचं काय केलं हे तुम्ही एका नजरेत ओळखलंत. पुठ्ठे धनुष्यासारखे वाकायचे, कारण हवेतला दमटपणा कागद एका बाजूने जास्त प्यायचा. सकाळी शिजवलेली खळ दुसऱ्या दिवशी हिरवट व्हायची. हे सगळं सोसता येत होतं. पण एका आजींनी दुरुस्तीला दिलेल्या, त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वहीच्या खालच्या कडेला ओल लागली आणि शेवटच्या चार पानांची शाई पसरली. ती वही परत देताना माझा आवाज फुटेना. त्या आठवड्यात तुमचा नंबर मिळाला.

तुम्ही आलात आणि भिंतीला हातही लावला नाहीत. जिन्यावर बसून विचारलंत, ‘पाणी कधी येतं?’ मी म्हटलं, पावसात. ‘पावसात म्हणजे कधी? सुरू झाल्यावर तासाभरात, की थांबल्यावर दुसऱ्या दिवशी? आणि पाऊस नसताना येतं का?’ चार वर्षं त्या भिंतीशी झगडत होते, पण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तुम्ही खिशातून रबरबँड लावलेली तुमची नोंदवही काढलीत. पानं सुटी झालेली, कडा सिमेंटने राखाडी. तिच्यातलं एक कोरं पान मला दिलंत. पाऊस कधी लागला, कधी थांबला, ओल कुठे आधी दिसली, किती वेळाने दिसली, एवढंच लिहायचं. पाऊस लागताच ओल आली तर पाणी वरचं, म्हणजे छपराचं नाहीतर अंगणाचं. पाऊस थांबल्यावर दिवसा-दोन दिवसांनी जमिनीलगत आली तर जमिनीतलं पाणी वर चढलेलं. आणि कोरड्या दिवसांतही तेवढीच राहिली तर नळाची लाइन फुटलेली असू शकते. घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघायचा, काटा हलत असेल तर तिथेच दुखणं सापडलं. आमचा काटा हलला नाही. या एका पानावर पुढचं सगळं काम उभं राहिलं.

जाताना तुम्ही दोन भिंतींवर प्लास्टिकचा एकेक चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवलात. ‘दोन दिवस हात लावू नका.’ तिसऱ्या दिवशी डावीकडच्या प्लास्टिकच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, पाण्याचे मणी जमले होते. समोरच्या भिंतीवरचं प्लास्टिक मागून कोरडं आणि खोलीच्या बाजूने ओलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘ताई, दुखणी दोन आहेत. डावीकडे पाणी भिंतीतून येतंय. समोर भिंत ठीक आहे, तिथे हवेतलं पाणी बसतंय.’ मी भर पावसाळ्यात तळघराच्या झडपा उघड्या ठेवत होते, हवा खेळली की वाळेल म्हणून. बाहेरची दमट हवा आत यायची, जमिनीखालच्या गार भिंतीला लागायची आणि तिथेच तिचं पाणी व्हायचं. पावसात झडपा बंद, कोरड्या दिवशी उघड्या, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे आणि दमटपणा ओढून घेणारं एक यंत्र, एवढ्यावर ती भिंत सुधारली. याच भिंतीला आतून लेप द्यायला एक जण तयार होता. मीही होकार देऊन बसले होते.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो पावसाचा दिवस. ‘जोराचा पाऊस लागला की फोन करा,’ असं सांगून ठेवलं होतंत. माणसं कामाला उघडीप बघून येतात, तुम्ही धो धो पावसात छत्री घेऊन आलात. घरात पाऊल न टाकता आधी घराला वळसा घातलात. डाव्या भिंतीच्या कोपऱ्यात छपराचं पाणी आणणारा पाइप उतरतो. त्याचं तोंड भिंतीपासून हातभर अंतरावर उघडं होतं. बाजूच्या फरशीचा उतार अंगणाकडे असायला हवा, पण खालची माती बसल्यामुळे तो भिंतीकडे झाला होता. तुम्ही वाळलेलं पान उचलून फरशीवर टाकलंत. ते पान तरंगत भिंतीकडे गेलं, फटीपाशी गोल फिरलं आणि तिथेच अडकलं. त्याखालून पाणी जमिनीत मुरत होतं. त्या पानाकडे बघताना माझी चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आली.

तिथेच उभ्या उभ्या तुम्ही हिशेब सांगितलात. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी होतं. आमचं अर्ध छप्पर त्या पाइपात उतरतं, म्हणजे दर 10 मिलिमीटरला 500 लिटर पाणी मी स्वतःच्या भिंतीच्या पायात ओतत होते. भिंतीमागची माती पाण्याने भरली की ते पाणी भिंत दाबतं. 1 मीटर पाणी उभं राहिलं तर तळाशी दर चौरस मीटरवर जवळजवळ 1 टनाचा दाब येतो. हे ऐकलं आणि मला तो फुटलेला फुगा आठवला. तुमचं वाक्य मी तसंच लिहून ठेवलं आहे: ‘मागून टनाने ढकलणारं पाणी, आणि पुढून तुम्ही रंगाचा पापुद्रा लावताय. तो कसा टिकेल?’

मग तुम्ही कामाचा क्रम लावलात आणि आत काहीच करायचं नाही म्हणालात. आधी पाइप वाढवून पाणी भिंतीपासून 3 मीटर लांब नेलं. फरशी उचलली, खाली माती भरून धुम्मसने ठोकली, आणि पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटिमीटर उतार येईल अशी परत बसवली. भिंतीला टेकलेला फुलझाडांचा वाफा काढायला सांगितलात. मी त्याला रोज पाणी घालत होते. दोन दिवसांत काम उरकलं. मी विचारलं, आता आतून? ‘आता थांबायचं. दोन-तीन मोठे पाऊस जाऊ देत.’ हे थांबणं मला जड गेलं, पण त्या थांबण्यातच कळलं की भिंतीतली बहुतेक ओल एवढ्यानेच गेली. राहिली फक्त भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथली रेघ, आणि माझ्या पानावरच्या नोंदी सांगत होत्या की ती पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी ओलावते. हे पाणी खालचं होतं.

त्या रेघेचं काम मी शेजारी बसून पाहिलं. लोणा तुम्ही कोरड्या ब्रशने झाडलात. तेव्हा कळलं की तो विटा-सिमेंटातला क्षार असतो, पाणी तो विरघळवून बाहेर आणतं आणि स्वतः उडून जातं. ओल्या फडक्याने मी तो पुन्हा विरघळवून भिंतीलाच पाजत होते. मग छिन्नीने सांधा खोदलात, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, म्हणजे भरलेला मसाला पाण्याने ढकलला तरी बाहेर निसटत नाही. एका जागी पाणी अजून झिरपत होतं. झटपट घट्ट होणारं सिमेंट तुम्ही मुठीत कालवलंत, त्याची गोळी केलीत, ती गरम व्हायला लागेपर्यंत हातात धरलीत आणि मग त्या भोकात दाबून तळहात तसाच ठेवलात. मिनिटं गेली. तुमच्या बोटांमधून पाणी येत होतं, कमी होत गेलं, थांबलं. तुम्ही हातमोजा काढून मला म्हणालात, ‘लावून बघा.’ भिंत कोमट होती. त्यावर पुढे सिमेंटमध्ये आतपर्यंत शिरणारा लेप आला, कोपऱ्याला गोलाई आली. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात खड्डा करून तरंगत्या खटक्याचा पंप बसला. पाणी चढलं की खटका वर उचलला जातो आणि पंप आपोआप चालू होतो. त्याच्या पाइपात बाहेर टाकलेलं पाणी उलटं परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवलात आणि जोडीला बॅटरी घ्यायला लावलीत, कारण मोठ्या पावसातच वीज जाते.

वरच्या बाजूच्या केसासारख्या चिरेला मात्र तुम्ही हात लावला नाहीत. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहिलीत. ‘ही रेघेच्या पुढे गेली, किंवा भिंत आत फुगल्यासारखी वाटली, तर मला बोलवू नका, बांधकामाच्या इंजिनिअरला बोलवा. ते माझं काम नाही.’ स्वतःच्या कामाची हद्द इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. चीर अजून त्या रेघांच्या आतच आहे. दर महिन्याला बघते.

आणि तो फोन. काम चालू असताना एका रात्री तळघरात घोट्याएवढं पाणी चढलं. घाबरून तुम्हाला फोन लावला आणि बोलता बोलता जिना उतरू लागले. तुम्ही ओरडलात, ‘थांबा! मेन स्विच बंद केलाय का?’ केला नव्हता. दाबयंत्राजवळचं प्लगाचं खोकं जमिनीवर होतं, पाण्यात. मी तिसऱ्या पायरीवर होते. याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही, काका. आता सगळे प्लग कमरेच्या वर आहेत.

त्याच रात्री तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, ती इथे लिहून ठेवते. तळघर पुरुषभर पाण्याने भरलं असेल आणि बाहेरची माती चिंब असेल, तर पाणी एकदम उपसायचं नाही. आतलं पाणी बाहेरच्या दाबाला टेकू देत असतं. ते एकदम काढलं तर भिंत आत येऊ शकते. थोडं काढायचं, थांबायचं, पातळी बघायची.

आतून पूर्ण तळघर खोदून लेप देण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. तुम्ही तो दिला असतात तर मी तुमचं ऐकलं असतं, आणि तुमचं काम महिनाभर चाललं असतं. जेवढ्याची गरज होती तेवढंच तुम्ही केलंत.

त्या आजींना मी परवा बोलावून घेतलं होतं. ती चार पानं जमेल तशी सांधली आहेत. शाई परत येणार नव्हती, पण वही पुन्हा उघडते. त्यांनी तिच्याबरोबर आणखी दोन वह्या माझ्या हवाली केल्या. त्या खाली, तळघरातच ठेवल्या आहेत.

तुमच्यासाठी एक नोंदवही बांधली आहे. तुमच्या खिशाचं माप मी त्या दिवशीच नजरेने घेतलं होतं. दुहेरी दोऱ्याने शिवली आहे, पानं सुटणार नाहीत, वरून मेणकापड लावलंय म्हणजे ओल्या हाताने धरली तरी चालेल. पहिल्या पानावर माझ्या पावसाच्या नोंदी उतरवल्या आहेत, दुसऱ्यापासून कोरी आहे. या बाजूला आलात की घेऊन जा. पाऊस असला तरी या.

तुमची,
पुस्तकं बांधणारी ताई