विषय : ओल्या भिंतींना यंदा रंग देऊ नये, आधी गिलावा दुरुस्त करावा

प्रति,
मा. अध्यक्ष, गृहनिर्माण संस्था, लातूर

स. न. वि. वि.

दसऱ्याआधी इमारतीला बाहेरून वॉटरप्रूफ रंग द्यायचे ठरत असल्याचे नोटीस बोर्डावर वाचले. कळकळीची विनंती आहे की हे काम आत्ता थांबवावे.

माझ्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीचे पोपडे निघाले आहेत, बोट फिरवले की पांढरा लोणा हाताला लागतो. बाहेर नेमक्या त्याच जागी, कॉलम आणि वीटकाम जिथे मिळते तिथे, गिलाव्याला उभी भेग आहे. नखही शिरणार नाही इतकी बारीक, पण पाणी ओढून घ्यायला तेवढी पुरते. उघडीप मिळाली की विटेने प्यायलेले पाणी गिलाव्यातून बाहेर पडू बघते. वरून जाड रंगाचा थर बसला तर ती वाट बंद होईल, ओल घरात उतरेल आणि रंगही फुगून सुटेल.

2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावात उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर गिलावा केला की पाणी मारण्यातच काटकसर होते, आणि चाळीस-बेचाळीस डिग्रीत तो तडकतो. म्हणून मे महिन्यातही हे काम काढू नये. दिवाळीनंतर भिंती वाळलेल्या असतात, ऊन नरम असते, बोअरला पाणी असते.

तेव्हा मिस्त्रीकडून भिंती ठोकून घ्याव्यात. बद्द वाजेल तेवढा गिलावा विटेपर्यंत काढावा, सांधे खरवडावेत, कॉलमच्या जोडावर जाळी ठोकावी, भिंत भिजवून दोन थर मिळून 20 मिलिमीटर गिलावा करावा आणि निदान सात दिवस पाणी मारावे. सिमेंट वाढवले की भिंत पक्की होते, हे कुणाचेही ऐकू नये; तसा गिलावा उलट जास्त तडकतो. छज्ज्यांच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच आणि गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूने उतार हवा. बी विंगमागे भिंतीला लावून टाकलेली बागेची माती जोत्याच्या वर गेली आहे, ती मात्र उद्याच काढता येईल.

बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीकडेच आहे. रंगासाठी ठेवलेली रक्कम आधी याला वापरावी आणि येत्या सभेत हा विषय घ्यावा. भिंती ठोकून बघताना मिस्त्रीसोबत थांबायला मी तयार आहे.

आपली,
एक सभासद, बी विंग