गणपतीचे सहा हात आणि मॅनेजमेंटचे धडे

महोदय,

गणेशोत्सव आला की 'मोठे कान म्हणजे जास्त ऐका, बारीक डोळे म्हणजे एकाग्रता' असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. मंडळांच्या फ्लेक्सवरही तेच. वाईट काही नाही, पण बाप्पाला मॅनेजमेंटचा शिक्षक करून आपण फार थोडक्यात भागवतो.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओव्या काढून पाहाव्यात. तिथला गणपती वाङ्मयाचा बनलेला आहे. वेद ही त्याची मूर्ती, पुराणे हे अलंकार. हात चार नव्हे, सहा. कारण दर्शने, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरा, सहा. तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश आणि वेदान्त हा मोदकातला महारस! दर्शनांची मते जुळत नाहीत, म्हणून हातातली आयुधेही वेगवेगळी. तुटलेला दात म्हणजे वार्तिकांनी, म्हणजे टीकाग्रंथांनी, खंडन केलेले बौद्धमत. हे आज कुणाला बोचेलही, पण त्या काळचा वाद थेट मूर्तीत कोरला गेला आहे, हे नाकारता येत नाही. पुढे अकार चरण, उकार उदर, मकार मस्तक असा अख्खा ओंकार उभा राहतो.

गंमत म्हणजे आपण रोज म्हणतो त्या अथर्वशीर्षातल्या ध्यानात गणपतीच्या हाती मोदक नाहीच. पाश, अंकुश, दात आणि वरदमुद्रा आहे. म्हणजे प्रतीके एकाच साच्यातली नव्हती.

लाखोंची आरास करणाऱ्या मंडळांनी यंदा एका फलकावर या ओव्या अर्थासह लावाव्यात. खर्च फ्लेक्सइतकाच येईल.

– एक वाचक, पुणे