म्वान्झाहून आई-अण्णांना

म्वान्झा, टांझानिया
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. अण्णा यांना शि. सा. नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. फोन होतो, पण फोनवर आई जेवणाचं विचारते, अण्णा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि सांगायचं ते राहून जातं. इथले एक गुजराती दुकानदार पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालेत. त्यांच्याकडे हे पत्र आणि किलिमांजारोकडची थोडी कॉफी देते आहे. मुंबईतून ते कराडला कुरिअर करतील.

आधी आईच्या काळज्या संपवते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी ठणठणीत आहे. मच्छरदाणीशिवाय झोपत नाही. ताप आलाच तर मलेरियाची तपासणी पाव तासात होते आणि औषध आमच्याच कपाटात असतं. सरोवर घरापासून जवळ आहे, पण त्यात उतरत नाही, कारण त्या पाण्यात बिलहार्झिया या कृमींच्या आजाराचे जंतू असतात. रात्रपाळी संपली की गाडी सोडायला येते. मामीने तुला एचआयव्हीचं काहीबाही सांगून घाबरवलंय, तर हातमोजे मी कराडलाही घालत होते आणि इथेही घालते. सुई टोचलीच तर बहात्तर तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, गोळ्या सुरू करायच्या असतात. त्या इथे मिळतात. तूरडाळ मिळते, चपाती तर इथले लोकच करतात. त्यांचा उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तीही आता आवडायला लागली आहे. वजन कमी झालेलं नाही. फोटोत तसं दिसतं.

आता अण्णा, तुमच्यासाठी. गणपतीत तुम्ही फोनवर एकच वाक्य बोललात, ते अजून माझ्या डोक्यात आहे. "मशीनच नाहीत तिथं, तर एवढं एमडी करून करतेस काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, कारण तुमच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. आज नीट सांगते.

आमच्याकडे सीटी स्कॅन नाही, हे खरं. तो शहरात बुगांडोच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. व्हेंटिलेटर नाही. वीज गेली की ऑक्सिजनचं यंत्र थांबतं, म्हणून भरलेला सिलिंडर शेजारी तयार ठेवावा लागतो. पण अपघातातला जो माणूस वाचवता येण्यासारखा असूनही पहिल्या तासात जातो, तो बहुतेक वेळा श्वासाची वाट अडल्यामुळे, छातीत हवा कोंडल्यामुळे किंवा रक्त वाहून गेल्यामुळे जातो. या तिन्हींवर माणसाचे हात चालतात, फक्त ते कुठल्या क्रमाने चालवायचे हे पक्कं माहीत लागतं. मी जे शिकले ते हेच शिकले.

परवा एक पोरगा आला. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसलेला होता. हेल्मेट नव्हतं. त्याला बजाजीतून आणलं. आपल्या पुण्याच्या कंपनीच्या रिक्षा इथे गल्लोगल्ली आहेत आणि कुठल्याही तीनचाकीला लोक बजाजीच म्हणतात. मागच्या सीटवर अंग मुडपून घातलेलं, ओठ पांढरे, नाडी हाताला लागेना. छातीच्या उजव्या बाजूला श्वासाचा आवाज नव्हता. तिथे नळी घातली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवलं. हवा बुडबुडत बाहेर येते, पण पाण्यामुळे परत आत जात नाही. मग ओटीपोटाचं हाड. ते मोडलं की आत लिटर-लिटर रक्त साचतं आणि बाहेर थेंब दिसत नाही. त्यासाठी तयार पट्टा मिळतो, आमच्याकडे नव्हता. त्याच्या आईच्या अंगावर कांगा होता. इथल्या बायका ते रंगीत सुती कापड कमरेला, खांद्यावर, बाळ बांधायला, सगळ्याला वापरतात. तिने तो न विचारता सोडून दिला. आम्ही दोघींनी तो त्याच्या कमरेखाली, मांडीच्या हाडाचं टोक बाजूने हाताला लागतं बरोबर तिथे, आवळून बांधला. कमरेवर बांधला तर उपयोग नसतो. दोघा भावांनी रक्त दिलं. पोलिसांचा पीएफ-३ म्हणून फॉर्म लागतो, आपल्याकडच्या पोलीस केसच्या नोंदीसारखा, तो चुलता नंतर घेऊन आला. सकाळी नाडी भरून आली तेव्हा त्याला बुगांडोला पाठवलं. तो जगला आहे, अण्णा. कांगा मी धुऊन त्याच्या आईला परत दिला.

त्याला आम्ही ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचं इंजेक्शनही दिलं. रक्त गोठलेलं टिकून राहावं म्हणून देतात आणि महाग नाही. २०१० साली त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ४० देशांतली २७४ हॉस्पिटलं, वीस हजारांवर रुग्ण. आपला भारतही होता त्यात. पण एक अट आहे. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं. उशिरा दिलं तर फायदा जातो आणि अपायही होऊ शकतो. म्हणजे अपघात किती वाजता झाला हे मला नेमकं कळायला हवं. आणि इथेच इथली एक गंमत आहे, ती तुम्हाला सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमची सगळी नोकरी एसटीच्या वेळापत्रकावर झाली.

इथे घड्याळ आपल्यासारखंच असतं, पण माणसं ते सहा तास सरकवून वाचतात. दिवस उजाडल्यावर मोजायला सुरुवात करतात. आपले सकाळचे सात म्हणजे यांचा "सा मोजा", पहिला तास. नऊ म्हणजे तिसरा तास. भर दुपारचे बारा म्हणजे सहावा. संध्याकाळचे सहा म्हणजे बारावा, आणि सात वाजले की रात्रीचा पहिला तास सुरू. विषुववृत्त इतकं जवळ आहे की सूर्य बाराही महिने साधारण साडेसहाच्या आसपास उगवतो, थंडीत उशिरा आणि उन्हाळ्यात लवकर असं काही नाही, त्यामुळे हे मोजणं कधी चुकत नाही. मनगटावरच्या घड्याळात दोन वाजलेले असतात, माणूस त्याकडे बघतो आणि "आठ" म्हणतो. मी सुरुवातीला समजायचे की घड्याळ बंद आहे. मग एका नर्सने युक्ती सांगितली: लहान काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. दोनच्या समोर आठ, तीनच्या समोर नऊ. आणि रात्रीचं तर आणखी. सोमवारच्या रात्रीला "मंगळवारी जाग येईल ती रात्र" असं म्हणतात. म्हणजे तारखेचाही घोळ! आपल्या आजीलाही दिवस उगवल्यापासून घटका मोजायची सवय होती ना, आई? ती असती तर इथे तिला एका दिवसात जमलं असतं.

हॉस्पिटलच्या कागदांवर मात्र चोवीस तासांचं घड्याळ. म्हणून आम्ही नातेवाईकाला आकडा विचारून थांबत नाही. सकाळ का दुपार, ऊन कुठे होतं, शाळा सुटली होती का, असं विचारतो आणि मग दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहितो. आता हे भिंतीवर तक्त्यासारखं लावलंय. माझ्या अक्षरात आहे, अण्णा, तुम्ही वळण लावलेल्या.

इथे येऊन एक गोष्ट मला नव्याने शिकावी लागली, तीही सांगते. शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, मुलाला सलाईन वेगाने चढवायचं, हे आम्ही घोकून पास झालो. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ आजारी मुलांवर झालेल्या अभ्यासात उलट दिसलं. ताप आणि शॉक असलेल्या ज्या मुलांना घाईने द्रव चढवला, त्यातली साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दोन दिवसांत गेली. ज्यांना तसा चढवला नाही, त्यातली ७.३ टक्के. म्हणजे शंभरात तीन मुलं जास्त गेली, चांगलं करायला जाऊन. म्हणून आता मलेरियाने पांढरंफटक पडलेलं मूल आलं की आधी साखर तपासायची, आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध द्यायचं, रक्त कमी असेल तर रक्त मिळवायचं आणि द्रव हात राखून. हे ज्ञान इथल्या वॉर्डांतून, इथल्या लेकरांमधून आलेलं आहे. गावात कुणी म्हणालं की पोरगी आफ्रिकेत सेवा करायला गेली, तर त्यांना सांगा की ती शिकतेही आहे.

सगळेच वाचत नाहीत. डोक्याला मार लागलेले येतात, त्यांना पाठवायचं आणि वाटेत ऑक्सिजन पुरेल ना हे बघायचं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आपल्याकडे १०८ आहे ना, तिचं मोल मला इथे कळलं. बाळंतिणींसाठी इथे आता एम-मामा म्हणून फोनवर गाडी बोलावायची सोय आहे, ती खरंच चांगली चालते. अपघातवाल्याला मात्र जो आधी भेटेल तो उचलून आणतो.

माझ्या वरच्या डॉक्टरबाई मुहिंबिलीत शिकलेल्या. दारेसलामच्या त्या हॉस्पिटलात २०१० मध्ये देशातला पहिला पूर्ण इमर्जन्सी विभाग उघडला. त्या आणि मी मिळून नर्सना जागतिक आरोग्य संघटनेचा मूलभूत कोर्स शिकवतो: आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, मग अंग उघडं करून बघणं. रात्री वॉर्डात एकटी नर्स असते. तिला हा क्रम हातात बसला की मी हजर असण्या-नसण्याने फरक पडत नाही.

आणि आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते. मी आणखी एक वर्ष राहणार आहे. सही केली आहे. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि ती गप्प झाली की मी लगेच "येते" म्हणाले असते. आत्ता सोडलं तर शिकवलेल्या नर्स अर्ध्यावर राहतील. मला दुसरं काही कारण देता येत नाही, आणि हे कारण मला पुरेसं वाटतं.

बाळूच्या लग्नाला मी येणार म्हणजे येणार. रजा मागितली आहे, मिळेल असं म्हणतात. हळदीला पोचेन. चुकून एखादा दिवस मागेपुढे झाला तर मुहूर्त हलवू नका, मुलीकडच्यांची गैरसोय नको. माझी साडी वहिनीच्या पसंतीने घ्या.

कोल्हापूरच्या स्थळाला "पोरगी दिवाळीत परत येते" असं आत्याने सांगितलंय, असं वहिनी म्हणाली. ते आजच खोडून काढा. मी वर्षभर इथे आहे हे सांगा, आणि त्यांना चालत असेल तर मुलाने मला फोन करावा, मी मोकळेपणाने बोलेन. लग्नाला माझा नकार नाही, आई. तू समजतेस तसं नाही. पण खोटं सांगून जमलेलं नको.

पैसे या महिन्यात थोडे जास्त पाठवले आहेत. ते अण्णांच्या मोतीबिंदूसाठी आहेत, बाळूच्या लग्नातल्या सोन्यासाठी नाहीत. सोसायटीचा हप्ता मी वेगळा भरते, त्याला हात लावू नका. दुसऱ्या डोळ्याचं नंतर बघू, पण उजवा थंडीच्या आत झाला पाहिजे.

आणि आई, तू न्हाणीघरात पडलीस हे मला वहिनीकडून कळलं. "पडले नाही, खाली बसले" असं तू मला म्हणालीस. इथे मी दिवसभर परक्या आयांना विचारत असते, कुठे दुखतंय, कधीपासून, पाय टेकवता येतो का. तुला विचारायला मी तिथे नाही, हे मला माहीत आहे, ते तू सांगायला नको. मांडीच्या सांध्याचा आणि गुडघ्याचा एक्स-रे काढ. मांडी घालून बसताना कळ येते का ते खरं सांग. न्हाणीघरात दांडी बसवून घ्या, गवंड्याला मी वेगळे पैसे पाठवते.

उत्तर बाळूकडून लिहवून घेऊ नका. अण्णा, तुम्ही लिहा. एक्स-रेचा रिपोर्ट आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख, दोन्ही त्यात पाहिजे.

तुमची,
मनू

ता. क. – आत्याकडून माझ्या परीक्षेच्या वेळी घेतलेले पैसे अजून द्यायचे आहेत, हे मी विसरलेले नाही. लग्नाला येईन तेव्हा स्वतः देईन. तोवर तिने विषय काढला तर तुम्ही तुमचे देऊ नका.