ओंकारवर रागावू नकोस

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

ओंकार फुटबॉल अकादमीचं हॉस्टेल सोडून आठवड्याच्या आत घरी आला आणि तेव्हापासून तू त्याच्याशी धड बोलत नाहीस, असं वहिनींकडून कळलं. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय. हेसुस नावास आठवतो ना? स्पेनच्या सेव्हिया क्लबचा तो किडकिडीत, निळ्या डोळ्यांचा राइट विंगर, उजव्या कडेने हल्ला चढवणारा. त्याच्याबद्दल सांगायचंय.

सेव्हिया शहराजवळच्या लोस पालासिओसचा हा मुलगा. टोमॅटोसाठी नावाजलेलं गाव. अठराव्या वर्षी, नोव्हेंबर 2003 मध्ये तो सेव्हियाच्या मुख्य संघात आला. पळण्यात वाऱ्याला हरवेल असा, पण घरापासून लांब मुक्काम म्हटला की त्याचा जीव घाबरा व्हायचा. सीझनआधीची शिबिरं अर्धवट सोडून तो घरी परतला आहे. त्याने उपचार घेतले, हळूहळू सावरला. स्पेनच्या सीनियर संघातून पहिली मॅच खेळायला त्याला नोव्हेंबर 2009 उजाडला. तोवर सेव्हियाकडून 2006 आणि 2007 चे युएफा कप त्याने जिंकले होते. म्हणजे खेळात काही कमी नव्हती, समीर.

आणि मग जोहान्सबर्ग, 11 जुलै 2010, नेदरलँड्सविरुद्ध वर्ल्ड कपची फायनल. साठाव्या मिनिटाला पेद्रोच्या जागी तो उतरला. एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, सगळ्यांचे पाय जड झालेले, आणि हा गडी आपल्याच हाफमधून बॉल घेऊन उजवीकडून सुटला. डच खेळाडू मागे लागले तरी थांबला नाही. तिथून सुरू झालेली ती चाल फाब्रेगास, तोरेस, पुन्हा फाब्रेगास अशी फिरत इनिएस्ताकडे गेली आणि 116 व्या मिनिटाला स्पेन जगज्जेता झाला. गोल इनिएस्ताचा, तो सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र ती धाव जास्त मोलाची वाटते. आदल्या वर्षापर्यंत संघासोबत परदेशी जाणंही ज्याला जड जात होतं, त्याची ती धाव.

2013 मध्ये तो इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबला गेला, चार वर्षं राहिला, प्रीमियर लीग जिंकला. 2017 मध्ये सेव्हियाला परतल्यावर त्याने 16 नंबरचा शर्ट घेतला. तो अंतोनिओ पुएर्ताचा नंबर. अकादमीपासूनचा त्याचा हा सोबती 2007 मध्ये मैदानावर कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. पुढे वय वाढलं तसा नावास राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू म्हणून खेळू लागला. विंगरला मागे खेचलं की अनेक जण रुसतात; याने तीच टचलाइन खालपासून वरपर्यंत तुडवली आणि 2020, 2023 असे आणखी दोन युरोपा लीग (युएफा कपचंच नवं नाव) जिंकले.

2024 च्या युरोची, म्हणजे युरोपियन चॅम्पियनशिपची, फ्रान्सविरुद्धची सेमीफायनल तू बघितलीस का? स्पेनचा नेहमीचा राइट बॅक कार्वाहाल निलंबित, म्हणून 38 वर्षांच्या नावाससमोर फ्रान्सचा स्टार एम्बापे. त्याच बाजूने आलेल्या क्रॉसवर फ्रान्सचा गोल झाला, थोड्या वेळात नावासला यलो कार्डही मिळालं. दुसरा कुणी असता तर खचला असता. हा दुखऱ्या कमरेनिशी जवळपास तासभर लढला. पुढे त्याच बाजूला सोळा वर्षांचा यमाल होता. तो जन्मला तेव्हा नावासचे दोन्ही युएफा कप जिंकून झाले होते! स्पेनने तो युरोही जिंकला. 2010 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघातला तो एकटाच तिथे होता.

मॅचनंतर त्याला चालणंही कठीण व्हायचं, तरी डिसेंबर 2024 पर्यंत सेव्हियासाठी खेळला. एकूण 705 मॅचेस, क्लबचा विक्रम.

ओंकारला घरून ये-जा करता येईल असा कोच इकडे आहे, मी बोलून ठेवलंय. रविवारी सकाळी येतो. त्याला बूट घालून तयार राहायला सांग, आणि त्याआधी तू त्याच्याशी बोल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक