काळे दगड आणि आजीचा हंडा

ड्रेस्डेन, जर्मनी,
१४ फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री पावणेदहाला इथल्या चर्चच्या घंटा एकदम वाजायला लागल्या. १३ फेब्रुवारी १९४५ ला याच वेळी भोंगे वाजले आणि मग ब्रिटिश विमानांतून बॉम्ब पडू लागले. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. काल आम्ही सगळे फ्राउएनकिर्शेच्या चौकात गप्प उभे होतो.

१७४३ मध्ये पुरं झालेलं हे चर्च. एवढा थोरला दगडी घुमट, पण आगीत दोन दिवस तगला आणि १५ तारखेला सकाळी कोसळला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ढिगारा तसाच होता. १९९४ ला पुन्हा बांधायला घेतलं, २००५ ला पूर्ण झालं.

आज सकाळी मी भिंतीला हात लावून पाहिला. नवा दगड फिकट पिवळा, मध्येच एखादा काळाकुट्ट, कोपरे झिजलेला. हे काळे म्हणजे ढिगाऱ्यातून निघालेले. एकेक दगड मोजून, जुने फोटो पाहून, शक्य तिथे त्याच्या मूळ जागी बसवलाय. घासूनपुसून नव्यासारखा केला नाही, हे मला फार पटलं. या दगडात लोह असतं, त्यामुळे नवे दगडही हळूहळू काळवंडतील म्हणतात.

आता खास तुमच्यासाठी. घुमटावरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या ॲलन स्मिथ या कारागिराने जुन्या पद्धतीने घडवला. त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या एका बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते! हे कळल्यापासून मला तुमची तांबट आळी आठवतेय, तांब्याच्या भांड्यांवरचे मठाराचे ठोके, हातोडी धरलेला तुमचा हात. बापाने वरून जे टाकलं, त्यानंतर मुलाने तिथेच ठेवायची वस्तू घडवायला घेतली. पहिला ठोका मारताना त्याला काय वाटलं असेल, अप्पा? तुम्हीच सांगू शकाल.

जुना क्रॉस १९९३ मध्ये ढिगाऱ्यात सापडला. पार पिळवटलेला. तो सरळ केला नाही, तसाच आत उभा केलाय. वेदीवर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा छोटा क्रॉस आहे. ते शहर १९४० मध्ये जर्मन विमानांनी जाळलं होतं. आपल्या दुःखाशेजारी आपण दुसऱ्याला दिलेलं दुःखही ठेवायचं, याला धीर लागतो.

पानशेतच्या पुरातून वाचलेला आजीचा हंडा अजून माळ्यावरच आहे ना? तुम्ही त्याच्या बुडाला डाग दिलात तो ठसठशीत दिसतो, म्हणून वहिनी तो बाहेर काढत नाही. मोडीत घालू नका. जूनमध्ये येते तेव्हा मी घेऊन जाईन.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
धाकटी