सीमेवरील गणिताचाही उल्लेख हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंशिक अवकल समीकरणांवरील (अनेक चलांवर अवलंबून असलेल्या राशीच्या बदलाचे दर जोडणाऱ्या समीकरणांवरील) आपल्या विज्ञान पुरवणीतील लेखात, प्रदेशाच्या सीमेवरील किमती दिल्या की उत्तर सीमेपाशी त्यांनाच जाऊन मिळते, असे सरसकट म्हटले आहे. ते दुरुस्त व्हावे, ही विनंती. त्रिमितीय प्रदेशात बाहेरून पुरेसा तीक्ष्ण काटा आत शिरला असेल, तर त्याच्या टोकाशी लाप्लास समीकरणाचे (उदा. स्थिरावलेल्या तापमानाचे वर्णन करणाऱ्या समीकरणाचे) उत्तर दिलेली किंमत गाठेलच असे नाही, हे आंरी लबेग यांनी दाखवले. कोणत्या सीमाबिंदूवर ती गाठली जाते, याचा निर्णायक निकष नॉर्बर्ट वीनर यांनी १९२४ मध्ये दिला. बिंदूजवळ प्रदेशाबाहेरचा भाग किती ‘दाट’ आहे, हे तो धारितेने, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर बेतलेल्या मापाने, मोजतो.

पी-लाप्लास समीकरण हे लाप्लास समीकरणाचेच, पी या घातांकावर अवलंबून असलेले अरेषीय रूप. त्यात दोन उत्तरांची बेरीज उत्तर राहत नाही आणि जुनी साधने निकामी ठरतात. तरीही तसाच निकष पुरेसा असल्याचे, म्हणजे तो पाळला गेला की किंमत गाठली जातेच, हे व्लादिमिर माझया यांनी १९७० मध्ये सिद्ध केले. तो आवश्यकही आहे, म्हणजे त्याविना किंमत नेहमी गाठली जाईल याची खात्री नाही, हे सर्व घातांकांसाठी सिद्ध व्हायला १९९४ उजाडले आणि ते श्रेय तेरो किलपेलाइनेन व यान माली यांचे. माझ्या मते विसाव्या शतकातील विश्लेषणाचे हे अत्यंत सुंदर यश आहे. पुरवणीत त्यावर स्वतंत्र लेख यावा.

गणिताचा एक शिक्षक, सांगली