तळमजल्यावरच्या आजीस

प्रिय आजी,

खोली सोडतेय म्हणून टेबलावर ठेवलेलं कार्ड तुला मिळालं असेलच. ते जर्मनमध्ये आहे आणि त्यातले डेर-डी-डास, म्हणजे प्रत्येक नामाचं लिंग, मी तीनदा तपासलेत. त्या तपासण्याच्या नादात निम्मं सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहिते, माझ्या भाषेत. तुला वाचता येणार नाही, पण चार लोकांना कळेल. तुझं नाव मात्र लिहीत नाही. न विचारता कुणाचं नाव कुठे छापलेलं तुला खपत नाही, एवढं या पाच महिन्यांत शिकले.

ऑक्टोबरात मी बॅगा ओढत जर्मनीत, ट्यूबिंगनला आले, तेव्हा तू माझ्यासाठी 'तुम्ही' होतीस. आणि गंमत म्हणजे मीही तुझ्यासाठी 'तुम्ही' होते! अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई बावीस वर्षांच्या पोरीला 'झी' म्हणते, याचं मला हसू यायचं. पण त्याच अहो-जाहोत तू नावनोंदणीसाठी लागणारा घरमालकाचा दाखला सही करून तयार ठेवला होतास. दोन आठवड्यांत नोंद करावी लागते, आणि माझ्याबरोबरची काही मुलं त्या एका कागदासाठी वणवण करत होती.

"संस्कृत शिकायला भारतातून इथे?" तू विचारलंस. पुण्यात मावशीनेही हेच विचारलं होतं. मी तुला रुडॉल्फ रोटबद्दल सांगितलं. तुझ्याच गावात प्राध्यापकी करताना त्यांनी ब्योटलिंक या दुसऱ्या पंडिताच्या जोडीने संस्कृतचा सात खंडांचा कोश केला. तू विचारात पडलीस आणि म्हणालीस, "सात खंड? त्यांच्यावरची धूळ कोण पुसायचं?"

तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या दाराला 'केअरवोखे' लिहिलेली लाकडी पाटी लटकलेली दिसली. मला वाटलं, स्वागताची आहे. फोटो काढून आईला पाठवलासुद्धा. जिना झाडायची पाळी आपली असल्याची ती नोटीस आहे, हे शनिवारी तू झाडू घेऊन वर आलीस तेव्हा कळलं. वरून खाली यायचं, आधी कोपरे, मग पायऱ्या, शेवटी बाहेरचा फुटपाथ. मी म्हटलं, आमच्याकडे गावी आजी रोज पहाटे अंगण झाडून सडा घालते. "रोज?" तू म्हणालीस. भारताबद्दलचा आदर त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्यावर दिसला.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण नोव्हेंबरातलं आहे. दिवस आखडत चालले होते, पाच वाजायच्या आत काळोख. ऊब जाऊ नये म्हणून मी खिडकी घट्ट लावून बसायचे. आत कुकरची वाफ, आतच वाळत घातलेले कपडे. एक दिवस कपाटामागे हात घातला तर भिंतीला काळी बुरशी. मी कपाट परत सरकवलं आणि आठ दिवस डिपॉझिटचा हिशेब करत झोपले. नवव्या दिवशी एक वाक्य पाठ करून खाली आले. ते वाक्य तुझ्यासमोर मधेच विसरले आणि रडले.

तू ओरडली नाहीस. वर आलीस, हीटर बंद केलास, दोन्ही खिडक्या सताड उघडल्यास. आपण दोघी कोट घालून कुडकुडत उभ्या होतो आणि तू घड्याळात बघत होतीस. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग स्पिरिट आणून भिंत पुसलीस आणि मला खाली जेवायला नेलंस. मसूर आणि श्पेट्सले (तुमच्याकडच्या जाडसर शेवया), माझ्यासाठी सॉसेज वगळून. मसूर जरा आंबट होते (व्हिनेगर घालतेस ना!), म्हणून मी धावत वरून हिंग-जिरं आणलं आणि फोडणी दिली. तू खोकलीस, इथलीही खिडकी उघडलीस आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलंस.

त्यानंतर तू टेबलावरून हात पुढे केलास आणि आपलं पहिलं नाव सांगितलंस. म्हणजे आता 'डू', आपलं 'तू', म्हणायचं. मोठ्याने देऊ केलं तरच धाकट्याने घ्यायचं, हे पुस्तकात वाचलं होतं. आमच्या घरी आजोबांना 'तुम्ही' आणि आजीला जन्मापासून 'तू'. त्यासाठी काही करावं लागत नाही. तू मला ते हातात हात देऊन दिलंस, तेही बुरशीच्या दिवशी.

नेकार नदीकाठचा तो पिवळा मनोरा आठवतो? मनाचा तोल गेलेल्या कवी ह्योल्डरलिनला डॉक्टरांनी जेमतेम तीन वर्षं दिली होती. 1807 मध्ये त्सिमर सुतारांनी त्याला तिथल्या आपल्या घरी आणलं, आणि तो तिथे 1843 पर्यंत जगला. सुतार गेल्यावर त्यांच्या मुलीने, लोटेने, त्याचं सगळं केलं. पर्यटक मनोऱ्याचे फोटो काढत होते आणि तू चिडून म्हणालीस, "छत्तीस वर्षं! कपडे कुणी धुतले, ते विचारा की." विक्षिप्त भाडेकरू सांभाळायची तुमच्या गावाला जुनीच सवय दिसते.

डिपॉझिट तू पूर्ण परत केलंस. भिंतीचा विषयही काढला नाहीस. मसाल्याच्या डब्यातला हिंग मी मुद्दाम तुझ्या फडताळात ठेवला आहे. चिमूटभरच घाल, आणि आधी खिडकी उघड.

या आठवड्याची पाळी माझी होती. स्टुटगार्टची गाडी सकाळची, म्हणून जिना आज रात्रीच झाडला, कोपऱ्यांसकट. फुटपाथवर बर्फ नव्हता, तरी पाय घसरू नये म्हणून खडी टाकली आहे. पाटी आता तुझ्या दाराला लावली आहे.

तुझी,
माळ्यावरची